विरोधात एक मत

भिंतीवरच्या पडद्यावर जिल्हा परिषदेचा तालुकावार निकाल झळकला आणि खाली रस्त्यात ढोल-ताशा सुरू झाला. वैजयंताने घाईघाईने दाराला कडी घातली.

"मी उभी तरी राहिले होते का?" ती नवऱ्यावर, सदाशिववर ओरडली.

उमेदवारी, प्रचार, मतदान सगळं कधीच बंद झालं होतं. यंत्र थेट लोकांची मनं वाचायचं आणि ज्याचं नाव निघेल त्याला नकार देता यायचा नाही. लोकांचं मन फिरलं, तरच सुटका.

ती गॅलरीत गेली. "चालते व्हा इथून! तुमचं एकही काम मी करणार नाही!"

"बघा, बाई खोटी आश्वासनं देत नाही!" खालून कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. पडद्यावर तिची मतं आणखी वाढली.

ती रडवेली होऊन आत आली. "अहो, तुम्ही तरी माझ्या विरोधात राहा. मनापासून."

"आहेच की. अगदी मनापासून."

तिने पडद्याकडे पाहिलं. अख्ख्या तालुक्यात विरोधात एकच मत उरलं होतं, तिचं स्वतःचं.

नजर चुकवत सदाशिव कडी काढायला गेला. त्याच्या मुठीत गुलाल होता.