एकाच क्रमांकाची जोडी

जुळ्या भावांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एका मशीनमध्ये दोन डिस्कची जोडी लावायचं काम चाललं होतं. एक मेली तरी दुसरीत सगळं शाबूत राहावं म्हणून. धाकट्याने पहिलीचा आराखडा दुसरीवर उतरवला, पण तिला नवा ओळख-क्रमांक द्यायला विसरला.

"मशीनला दोन्ही एकच वाटतायत, गाढवा!" थोरला आतल्या खोलीतून खेकसला.

धाकट्याचं डोकं सणकलं. त्याने दुसरी उपसून तिच्यावर हातोडा हाणला. मशीनमधली पहिली करकरली. झाकण काढून बघतो तर तीही तशीच चेचलेली.

तो बिथरला. पुढचा घाव स्वतःच्याच डाव्या हातावर बसला. तो किंचाळला. तीच किंकाळी आतूनही आली.

थोरला दारात आला. त्याच्याही डाव्या हाताची बोटं चेचलेली, उजव्यात तसाच हातोडा.

"कधी ऐकलंयस माझं?" म्हणत त्याने हसत हातोडा स्वतःच्याच कपाळावर उगारला.