वजनकाट्याची परवानगी

पाचव्यांदा तीच इंग्रजी ओळ. रुचिकानं ती वाचलीही नाही. परवानगी नाकारली. समुद्रपूरच्या अण्णाजींच्या जिनिंगमध्ये बाहेर कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, आणि काट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर वजनाची एक साधी पावती द्यायला तयार नव्हता.

"काऊन व पोरी, आजबी नाई का?" अण्णाजींनी दारातून विचारलं.

"बघते आहे, काका."

बघून बघून तिच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या होत्या. घरी, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला, हाच प्रोग्राम मुकाट्यानं चालायचा. इथेही दसऱ्याच्या सकाळी तिनं स्वतःच्या हातानं बसवला तेव्हा पहिली पावती निघाली होती. पेढे वाटून झाले. ती दुपारच्या एसटीनं घरी निघाली, बाबा तेवढे सोनं द्यायला मागे थांबले. दुसऱ्या दिवशी फोन आला, बंद पडला म्हणून.

एमसीए झाल्यावरचं तिचं हे पहिलं स्वतंत्र काम. मिळवून दिलं होतं बाबांनीच. अण्णाजी त्यांचे जुने मित्र. वर्ध्यात किराणा दुकान चालवणाऱ्या बाबांनी, म्हणजे प्रभाकररावांनी, त्याच सुमारास अमरावतीचं एक स्थळ आणलं होतं. घर चांगलं, मुलगा चांगला, फक्त सुनेनं कामधंदा करायचा नाही. रुचिकानं थयथयाट केला. बाबा चिडले नाहीत.

"धनत्रयोदशीपर्यंत तुहा प्रोग्राम अण्णाजीकडे चालला, तं मीच त्यायले नाई म्हनून कळवतो," ते म्हणाले. "नाई चालला, तं मंग तू हो म्हनजो."

एवढा सरळ बाप शोधून सापडला नसता. आणि आज धनत्रयोदशी होती.

अडचण अशी की तिचा प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालायचा, तो डॉटनेट हा मोठा संशयी प्राणी. कॉम्प्युटरसमोर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रोग्राम आला कुठून आणि परवानगी कशाकशाची मागतोय, एवढंच तो बघतो. गणपतीत तिनं बाबांना हे समजावलं होतं, तेव्हा दुकानदारानं बरोबर दुकानदारासारखं विचारलं होतं, "अन् शेजारच्याच्या घरून आला तं?"

"मग ओट्यावर बसायचं. आत कोठीत प्रवेश नाही."

बाबा खूप हसले होते.

आता तिचा प्रोग्राम तर याच मशीनवर बसवलेला, घरचाच. म्हणजे 'आला कुठून' हा प्रश्नच नव्हता. चूक मागण्यातच असणार. म्हणून तिनं घरी बसून दुसरा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. पहिल्यानं पोटात कोणकोणत्या परवानग्या लिहून ठेवल्यात, ते बाहेर काढून यादी करणारा. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. यादीतल्या एका ओळीत फाइलचा पत्ता असायचा, तर दुसरीत नुसतं खरं किंवा खोटं. तिनं सगळंच अक्षरं समजून वाचलं, आणि एक ओळ चुकली की खालच्या सगळ्यांचा काला व्हायचा. संताप संताप झाला तिचा. एकदा तर तिनं कीबोर्ड उचलून गादीवर आपटला.

सकाळचा चहा बाबाच आणून द्यायचे. "आज काय अडून राह्यलं?" विचारायचे.

"प्रत्येक गोष्टीचं नाव लिहिलंय बाबा, पण ती कुठल्या प्रकारची आहे तेच लिहिलं नाही मी."

"म्हंजे डब्यावर नुसतं हिंग लिहून भागत नाई. खडा का पूड, तेबी लिहा लागते. मंग किती, ते."

"अगदी तेच!" तिला रडू आलं होतं. घरात तिची विद्या समजून घेणारं हे एकच माणूस.

तिनं तसंच केलं. नाव, प्रकार, मूल्य. तिन्ही वेगळे खण. काल यादी आरशासारखी स्वच्छ उमटली. मागितलेली प्रत्येक परवानगी जिथल्या तिथे, एकही चूक नाही. तिनं बाबांना मिठी मारली आणि आज पहिल्या एसटीनं इथे आली.

आणि पुन्हा तीच ओळ.

म्हणजे तिलाच काही येत नव्हतं. दुसरा अर्थ काय निघणार होता? तिनं अण्णाजींचा फोन ओढला आणि दुकानाचा नंबर फिरवला.

"बाबा, नाही चालला."

"वाईट वाटून घेऊ नको बेटा. तू लय मेहनत केली."

"अमरावतीला हो कळवा."

"जबरदस्ती नाई बरं, रुची."

"शब्द म्हणजे शब्द. कळवा."

"बरं. आत्ताच फोन करतो."

तिनं फोन ठेवला. डोळे पुसत सीडी पिशवीत टाकताना ती हातातून निसटली आणि टेबलाखालच्या पोत्यांमागे गेली. रुचिका वाकली, पोती सरकवली. मागे एक निळी वायर होती. काट्याच्या कॉम्प्युटरच्या पाठीतून निघून, भिंतीला भोक पाडून पलीकडच्या ऑफिसात गेलेली. दसऱ्याच्या सकाळी ही इथे नव्हती.

"काका, ही कसली वायर?"

अण्णाजी जरा चाचरले. "ते होय? तुहा प्रोग्राम आता तिकडच्या कॉम्प्युटरात ठेवला हाय. दसऱ्याची पूजा त्याचीच झालती ना. तिथून वायरनं इथं येते."

म्हणजे प्रोग्राम शेजारच्याच्या घरून येत होता, आणि ओट्यावरच अडवला जात होता. "कुणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"तुह्या बाबानं. तू गेली अन् लगेच. वायर अन् जोडनारा मानूस दोन्ही त्यायनं वर्ध्याहूनच सांगून ठेवलते. म्हने, रुचीले सांगू नका."