सूर्यजाळी

“कोण पाहिजे?” महेशअण्णांनी दोघांना जिन्यातच अडवलं.

तिशीतला तरुण, सोबत बायको. तिच्या खांद्याला प्लॅस्टिकची एक लांब नळी. काहीतरी विकायला आले असावेत.

“जरा बिल्डिंग बघायची होती, काका,” तरुण म्हणाला.

“दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ना?”

“तोही दाखवलात तर बरंच.”

अण्णा आधीच चिडलेले होते. रविवारी सोसायटीची सभा होती. बिल्डरने एकूण एक सभासद खिशात घातला होता, आणि गंगापूर रोडवरची ही पन्नास वर्षांची इमारत पाडून तिथे काचेचा टॉवर उभा राहणार होता. विरोधात उरले होते एकटे अण्णा. खोल छज्जे, आरपार खेळणारा वारा, जिन्याला तळापासून गच्चीपर्यंत सिमेंटची जाळी. असं आता कोण बांधतंय? वारसा म्हणून इमारत वाचवायची तर मूळ नकाशे हवे होते, आणि ते कुणाकडेच नव्हते. दारातल्या दगडावर नाव तेवढं कोरलेलं होतं, ‘वास्तुरचनाकार : ग. स. नांदगावकर’. कॉलेजातल्या अंजली मॅडम अण्णांसाठी कित्येक महिने त्या नावाचा माग काढत होत्या, पण नांदगावकरांचा पत्ताच लागत नव्हता. त्यात बिल्डरच्या माणसांनी फोन करकरून पिडलं, म्हणून आज सकाळपासून अण्णांनी मोबाइलच बंद करून ठेवला होता.

तरुण जाळीपाशी थांबला. प्रत्येक चौकोनात एक गोल, गोलात आरे. त्याने त्यावरून बोट फिरवलं. “चोवीस आहेत.”

“सूर्याची किरणं मोजत नसतात,” अण्णा म्हणाले. रथसप्तमीला ते याच जाळीला फूल वाहायचे. “असं सुचायला घराणं लागतं. नाव काय म्हणालात?”

“संघर्ष. ही साक्षी.”

“पूर्ण नाव.”

“संघर्ष पगारे.”

“अच्छा.” अण्णांचा चेहरा हसराच राहिला, पाय मात्र पायरीवर आडवा आला. नळीत काय असेल तेही त्यांना आता आपोआप कळलं. जयंतीचं पोस्टर, दुसरं काय! “फ्लॅट गेला हो. कालच टोकन झालं.”

“बाहेर पाटी आहे की.”

“काढायची राहिली. आणि कसंय, इथे सगळे एका विचाराचे लोक. तुम्हालाच करमायचं नाही. तुमच्या लोकांच्या चांगल्या कॉलन्या आहेत, तिकडे बघा ना.”

साक्षीचा चेहरा लाल झाला. तिने नळी खांद्यावरून उतरवली आणि झाकणाला हात घातला. “काका, आधी हे तरी बघा...”

“वर्गणी, पत्रकं, काही नको.”

“राहू दे, साक्षी,” संघर्ष म्हणाला. मग तो अण्णांकडे वळला. “बिल्डिंग पाडणार म्हणे?”

“मी जिवंत असेपर्यंत कोण हात लावतो बघू.”

“एवढा जीव आहे हिच्यावर?”

“पोटच्या पोरीसारखी आहे. तुम्हाला नाही कळायचं ते.”

संघर्षने जाळीवर क्षणभर तळहात टेकवला. मग दोघंही उतरून गेले. खाली मोटारसायकल सुरू झाली. तिचा आवाज रस्त्याच्या गोंगाटात मिसळेपर्यंत अण्णा तिथेच उभे राहिले. ब्याद टळली म्हणून त्यांना मनापासून बरं वाटलं. त्याच खुशीत त्यांनी मोबाइल चालू केला.

तो लगेच वाजला.

“अण्णा, सकाळपासून फोन का बंद?” अंजली मॅडमचा आवाज आनंदाने चढला होता. “नांदगावकर सापडले! ते गावावरून घेतलेलं नाव होतं हो, मूळ आडनाव वेगळंच. म्हणून तर माग लागत नव्हता. त्यांचा नातू बायकोला घेऊन तुमच्याकडेच निघालाय, सगळे नकाशे एका नळीत घालून. पोचले का?”