हॉलबर्टचा क्रमांक

तिसरं पत्र गाडीच्या वायपरखाली अडकवलेलं होतं. वेंडेल प्रोचास्काने ते सुपरमार्केटच्या आवारात उभ्या उभ्याच वाचलं. 'नात गोड आहे. लाल टोपी तिला शोभते.' बस, एवढंच.

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. पिशवीत अंडी होती, तिकडे न बघता त्याने पत्र पुन्हा वाचलं.

दहा दिवसांपूर्वी पहिलं पत्र आलं तेव्हा त्याला हसू आलं होतं. 'यंदा डेन हॉलबर्टला कितवा लावणार?' मार्चमध्ये असलं बरंच काही येई. अमेरिकेतल्या सेडर रॅपिड्सच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला वेंडेल दर वसंतात बेसबॉलच्या तीनशे खेळाडूंची क्रमवारी लावी. देशभर लोक खरे खेळाडू निवडून आपापले कागदावरचे संघ बनवत. खेळाडू मैदानात जे करील, त्याचे गुण त्यांना मिळत. निवडीला बसण्याआधी हजारो जण इंटरनेटवर वेंडेलची यादी उघडत.

पिचरांमध्ये, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांमध्ये, हॉलबर्ट दुसरा, हे त्याने जानेवारीतच ठरवलं होतं. गेल्या सप्टेंबरात वेंडेलच्याच कागदावरच्या संघात असलेल्या हॉलबर्टने एका खराब दिवशी त्या संघाची वाट लावली होती. अंतिम सामना हातचा गेला आणि वेंडेल दोन दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही. तरी दुसरा म्हणजे दुसरा. आकड्यांवर राग धरायचा नसतो, असं तो वर्गात सांगत आला होता.

दुसऱ्या पत्राने हसू गेलं. त्याची बायको लोर्ना मंगळवारी वाचनालयातून किती वाजता निघते, ते त्यात लिहिलं होतं. ते त्याने तिला दाखवलंच नाही.

तिसरं मात्र दाखवावं लागलं. तिने ते दोनदा वाचलं, मग मुलीला फोन करून छोट्या मेव्हला काही दिवस बालवाडीत पाठवू नकोस म्हणून सांगितलं. मुलीने कारण विचारलं तेव्हा लोर्ना खोटं बोलली.

पोलीस ठाण्यातल्या बाईंनी पत्रं ठेवून घेतली आणि यात धमकी नेमकी कुठे आहे, असं विचारलं. वेंडेलला ती दाखवता येईना. कुणालातरी हॉलबर्ट आपल्या संघात हवा असेल, तो यादीत घसरला की बाकीचे त्याला सोडून देतील, असा त्याचा तर्क होता. बोलून दाखवल्यावर तो त्यालाच पोरकट वाटला.

परतताना गाडीत लोर्ना म्हणाली, "मग खाली ने ना त्याला."

"यादी खरी आहे, लोर्ना."

"मेव्हसुद्धा खरी आहे."

त्याच दुपारी त्याने हॉलबर्टला तीनशेंत एकशे चाळिसावा केला आणि यादी प्रसिद्ध केली. तासाभरात वाचक तुटून पडले. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं एकाने लिहिलं. वेंडेलला त्याचं काही वाटलं नाही. तो फक्त मागच्या दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहून आला.

पाच दिवस काही आलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी लोर्ना बेकरीत कोलाचे नावाचे गोड पाव आणायला गेली असताना घंटा वाजली.

पायरीवर साठीचा एक माणूस उभा होता. जाड बोटं, शेतावरचं जाकीट, टोपी काढून हातात धरलेली. वेंडेलने साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"पत्रं माझी होती," माणूस म्हणाला.

वेंडेलने साखळी घट्ट धरली. मग तो बोलतच सुटला. हॉलबर्टला खाली नेलंय, हवं तर बघा, अजून खाली नेतो, यादीतूनच काढतो. स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना.

माणसाने सगळं ऐकून घेतलं.

"क्रमांकाशी मला काही देणंघेणं नाही, मिस्टर प्रोचास्का. मी रे हॉलबर्ट. डेनचा बाप."

वेंडेलने फटीतून त्याचा चेहरा नीट पाहिला.

"तुमचं नाव शोधून काढायला सहा महिने लागले. घाबरू नका, तुम्हाला हात लावणार नाही. आजच नेब्रास्काला परत जातोय. हे दिवस तुम्हाला कसे जातात, तेवढं बघायचं होतं." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "माझी सून सप्टेंबरपासून कुणालाही दार उघडत नाही."

त्याने घडी घातलेला कागद फटीतून आत सरकवला आणि तो सावकाश पायऱ्या उतरून गेला.

वेंडेलने कागद उलगडला. डेनला आलेल्या एका निरोपाची ती छापील प्रत होती. 'बाळाला सकाळी कुठे सोडता ते मला माहीत आहे. पुढच्या वेळी नीट फेक.'

खाली एक टोपणनाव होतं. ते वेंडेलने एकदाच वापरलं होतं.