काऊचा घास

यंत्रातून कागद बाहेर आला, तेव्हा कुंदा दवाखान्याच्या बाकावर, तपासणीसाठी बोलावलेल्या हिराबाईंकडे बघत होती. स्वयंपाकाच्या हिराबाईंना तिने संशयावरून आठवड्यापूर्वीच काढून टाकलं होतं. कुंदाच्या सहा वर्षांच्या मुलीला, शाल्मलीला, झटके येत होते. तिच्या मेंदूत जंताच्या अळ्या सापडल्या होत्या आणि त्यांची अंडी घरातल्या कोणाच्या पोटातून आली, हे यंत्र आता नावानिशी सांगत असे.

डॉक्टर बागवानांनी कागद वाचला. "जंत तुमच्या पोटात आहे, कुंदाताई. एका गोळीने जाईल."

"मी तर कोथिंबीरसुद्धा मिठाच्या पाण्यात धुते."

"अंडी कोथिंबिरीवर नव्हती. तुमच्या नखांत होती."

हिराबाई उठून गेल्या.

"आणि शाल्मलीचं काय?" कुंदाने विचारलं.

"अळ्या मेल्यात, पण व्रण राहतील. झटके येत राहतील."

दुपारी कुंदाने कोपरापर्यंत हात धुतले. वरणभात कालवला आणि चमचा पुढे केला.

शाल्मलीने तोंड फिरवलं. "चमच्याने काऊ येत नाही. रोजच्यासारखं हाताने भरव ना."

कुंदा उठून पुन्हा मोरीकडे गेली.