शेऱ्याचा रकाना

बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात स्टूल एकच. तरी त्यांनी फर्मान काढलं, "दुरुस्तीची वही कॉम्प्युटरवर टाक. बाहेरगावाहूनही उघडता आली पाहिजे."

"बाबा, आज एकच गजराचं घड्याळ आलंय. तेही आपल्याच घरातलं."

"व्याप वाढतोय," ते म्हणाले.

मी डेटाबेस सर्व्हर बसवला. नवा सर्व्हर बाहेरच्या कोणालाही दारात उभं करत नाही. अगदी बाबांच्या वळणावर गेलेला. मी सेटिंगमधली एक ओळ बदलली, फायरवॉलमधून वाट करून दिली आणि विचारलं, "कोणाकोणाला आत सोडायचं?"

बाबांनी भिंग पुसलं. बराच वेळ पुसलं.

"एकालाच. नाव टाक, टिकटिक."

हे ताईचं लाडाचं नाव. बाबांना न विचारता तिने परगावी नोकरी धरली, तेव्हापासून तीन वर्षं ते तिच्याशी बोलले नव्हते. मी टिकटिकचं खातं उघडलं आणि ताईला पासवर्ड पाठवला.

दुपारी वहीत एक नवी नोंद उगवली. वस्तू: बाबा. बिघाड: तीन वर्षं बंद.

आता बाबा भडकणार, असं मला वाटलं. बाबांनी मात्र गिऱ्हाइकाचं काम असल्यासारखी ती नोंद दोनदा वाचली आणि शेऱ्याच्या रकान्यात एका बोटाने टाइप केलं: "माल जुना आहे. पार्ट मिळत नाहीत. तरी चालू होईल. समक्ष येऊन पाहणे. दुकान रविवारीही उघडं."