चौथा स्क्रू

मधुसूदनकाका गेल्यापासून तीन वर्षं गोदामावशींनी न्हाणीघराचं काम टाळलं. कारण विचारलं की त्या टाइल्सच्या रंगावर घसरत. आम्ही शेजारी काय, ओळखून होतो.

काका रोज टॉवेल विसरत आणि आतून तांब्याने फरशीवर ठोकत. एकदा, मग थांबून दोनदा. "मंगळसूत्राऐवजी टॉवेलच बांधायचा होता," म्हणत मावशी टॉवेल घेऊन धावत.

शेवटी मुलाने सेल्वम प्लंबरला आणलंच. त्याने जुना कमोड उचलला, त्याला पाइपाशी जखडणारी खालची गंजलेली कडी, फ्लँज, उखडला. उघड्या पाइपातून आवाज आला. एकदा, मग थांबून दोनदा.

"वरच्या मजल्यावरचं पाणी असेल, अम्मा."

मैलापूरच्या त्या बैठ्या घरावर नुसती गच्ची. खाली माती.

मावशी हसल्या. "आजही विसरलात?" त्यांनी कपाटातला टॉवेल आणून दाराच्या खिळ्यावर टांगला. "हं, आता लाव, पा," त्या सेल्वमला म्हणाल्या.

नव्या फ्लँजचे तीन स्क्रू बसले. चौथा आवळू लागताच आवाज पुन्हा आला. टॉवेलला उशीर झाला की यायचा तसा, भराभर.

मावशींनी खिळ्यावरचा टॉवेल ओढला आणि तो काकांना द्यायला फरशीत दार शोधू लागल्या.